माघारीचा बाण

"पास झालं ना?"

"झालं."

"एकही चूक निघाली नाही ना?"

"नाही निघाली."

"मग सही कर की, ताई. अडवून कशाला धरलंयस?"

"पहिल्याच फटक्यात पास झालं, म्हणून."

धाकटी खुर्ची ओढून बसली आणि बसते न बसते तोच उठली. तिचं म्हणणं असं, की पहिल्या फटक्यात पास होणारी माणसं असतात, तसे नकाशेही असू शकतात. ताईचं म्हणणं असं, की असतीलही, पण त्यांतला एकही आजवर या खोलीत आलेला नाही. धाकटी म्हणाली, परक्या कोणी काढला असता तर एव्हाना सही झाली असती. ताई म्हणाली, परक्यानं काढला असता तर एव्हाना परत गेला असता.

"सोमवारी आईला घरी न्यायचंय," धाकटीनं आवाज खाली आणला. "नवीन पद्धत सुरू झाली तरच. नाहीतर पुन्हा मोठ्या डॉक्टरांच्या फेरीची वाट बघत बसा. वॉर्डात जाऊन विचार एकदा, आईला तुझी शंका हवीय की स्वतःची खाट."

"उद्यापर्यंत थांब."

"शोधणार काय आहेस तू?"

"ते माहीत असतं तर आत्ताच नसतं का शोधलं?"

धाकटीनं जाताना दार असं आपटलं, की फळीवर चिकटवलेली 'चादरी – मोठ्या' ही चिठ्ठी सुटून खाली पडली. ताईनं ती उचलली, मागचा डिंक बोटानं चाचपला आणि जिथल्या तिथे पुन्हा दाबली.

ही खोली रुग्णालयाच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला. पूर्वी इथे चादरी ठेवत. ताईला लागणारं लांबच लांब टेबल दुसऱ्या कुठल्याच खोलीत मावेना, म्हणून चादरी खाली गेल्या आणि ताई वर आली. खिडकीतून धुलाईघराची जाड नळी दिसते; तिच्यातून दिवसभर वाफ येते, आणि ताई अधूनमधून तिच्याकडेही संशयानं बघते.

तिचं काम काय, हे लग्नानंतर बरेच दिवस नवऱ्यालाही सांगता येत नसे. कोणी विचारलंच तर 'दवाखान्यात असते' म्हणून तो मोकळा व्हायचा, आणि मग लोक तिला आपले गुडघे दाखवायचे.

काम असं. रुग्णालयात कुठलीही गोष्ट कशी चालावी, याचा आधी नकाशा काढतात. एकेक काम म्हणजे एकेक चौकट, आणि चौकटींना जोडणारे बाण. कुठे रस्त्याला फाटा फुटतो आणि दोन कामं एकदम सुरू होतात. पुढे ते दोन रस्ते एका नाक्यावर भेटतात, आणि दोन्हीकडची कामं झाल्याशिवाय नाका उघडत नाही. नकाशे काढणारे वेगळे, धाकटीसारखे. नकाशा बरोबर आहे हे सिद्ध करणारी एकटी ताई. ती सही करते, मग तो नकाशा वॉर्डातल्या पडद्यांवर चढतो, आणि त्यानंतर पडदा सांगेल तसं सगळे चालतात.

सिद्ध करायला संगणकात प्रोग्राम आहे. पण ताईचा प्रोग्रामवरही विश्वास नाही. त्याचं उत्तर आलं की ती नकाशा टेबलावर पसरते, चष्म्याच्या जुन्या डबीतून सदऱ्याच्या काळ्या गुंड्या काढते आणि खेळायला बसते. सुरुवातीच्या चौकटीत एक गुंडी. फाटा आला की एकीच्या दोन. नाका आला की दोघींची परत एक. गुंडी कुठेही उभी असली तरी तिथून शेवटाला जायला वाट हवी. एक गुंडी शेवटाला पोचली की मागे दुसरी कुठे उरता कामा नये. आणि जिथे एकही गुंडी कधीच पोचत नाही अशी चौकट नकाशात असेल, तर ती काढली कोणी आणि कशाला, हे ताई खोदून खोदून विचारते.

मागे उरलेल्या गुंडीची तिला फार धास्ती. एकदा तिच्या आधीच्या माणसानं पास केलेल्या नकाशात अशी एक उरली होती. रुग्ण घरी गेला, खाट धुऊन झाली, तरी स्वयंपाकघरातून त्या रिकाम्या खाटेसाठी दोन वेळचं ताट येतच राहिलं. आणणारा आणी, ठेवणारा ठेवी, उचलणारा उचली. कोणाची काही तक्रार नव्हती. ताईनं येऊन ते थांबवलं, तेव्हा शेजारचे दोन रुग्ण आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

गुंड्या काळ्याच, हा तिच्या सरांचा नियम. गुंडीला रंग दिलात की तुम्ही गोष्ट रचायला लागता, असं सर म्हणायचे. हा म्हातारा, ती बाळंतीण, ह्याची घाई, तिची दया. गोष्ट रचायची नाही, वाट मोजायची. ताईनं तो नियम इतकी वर्षं पाळला, की डबीत चुकून गर्द निळी गुंडी आली तरी ती उन्हात धरून बघायची.

इमारतीत तिचं नाव शंकेश्वरी. तोंडावर ताई, पाठ वळली की शंकेश्वरी. दुसरे ताक फुंकून पितात, ही पाणी फुंकून पिते, असं विभागाचे साहेब म्हणत, आणि म्हणताना जरा अभिमानानंच म्हणत. कारण तिनं पास केलेला नकाशा आजवर अडकला नव्हता.

तिला एकाच गोष्टीचा खरा तिटकारा होता, माघारीच्या बाणाचा. एक गुंडी नाक्यावर जाऊन थांबलीय, आणि दुसऱ्या रस्त्यावर काही बिनसलं, म्हणून थांबलेलीला माघारी बोलवायचं, तो हा बाण. माघारी बोलावलेली गुंडी कधी दोनदा सुटते, कधी भलत्याच चौकटीत जाऊन बसते, आणि बरोबर आहे हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. असा बाण दिसला की ताई शेरा मारून नकाशा परत पाठवायची: 'साधा करून आणा.' लोक साधा करून आणायचे. कसा करून आणता, हे तिनं कधी विचारलं नाही. शंकेश्वरीनं एवढी एकच शंका काढायची राहू दिली होती.

धाकटीच्या नकाशात मात्र माघारीचा बाण नव्हताच. तो नकाशा होता श्वासाचं यंत्र घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णांचा. डॉक्टरांनी हो म्हटलं की फाटा. एका रस्त्यानं तंत्रज्ञ यंत्र तपासतो. बिघडलेलं निघालं तर ते परत जातं, दुसरं येतं, पुन्हा तपासणी. दुसऱ्या रस्त्यानं सिस्टर घरच्या माणसांना यंत्र चालवायला शिकवतात. दोन्ही झालं की नाका उघडतो, रुग्ण निघतो. इतका सुटसुटीत, की ताईला तो खरा वाटेना.

कारण ही धाकटी. लहानपणी आई दिवसभर शिवणयंत्रावर असे, म्हणून धाकटीचं दप्तर तपासायचं काम ताईकडे. ताई रोज पुढचा कप्पा बघायची, मग मधला. चिंचा, गोट्या, मार पडेल असं काही कधी सापडलं नाही. फार शहाणी पोर, असं सगळे म्हणायचे. पुढे कधीतरी धाकटीनंच हसत हसत सांगितलं, की मागच्या बाजूला अस्तराला तिनं एक चीर पाडून ठेवली होती. "तू कुठे बघतेस ते मला पाठ होतं ना, ताई."

दार आपटून ती गेल्यावर ताईनं गुंड्या पुन्हा मांडल्या. पुन्हा सरकवल्या. यंत्र परत पाठवलं, दुसरं आणलं, तेही परत पाठवलं. गुंड्या मुकाट चालत राहिल्या, नाक्यावर भेटल्या, एक होऊन बाहेर पडल्या. मागे काही उरलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि भिंत तर खडखडीत कोरडी. भेटायची वेळ झाली तशी तिनं गुंड्या डबीत भरल्या आणि ती वॉर्डात गेली.

आई उशीला टेकून शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या झग्याला नाडी लावून देत होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. आता नाकाला नळी लागली तरी सुईदोरा सुटत नव्हता.

"तोंड का असं शिवल्यासारखं?" आईनं विचारलं.

ताई म्हणाली, काही नाही, काम.

"काम की भांडण? धाकटीचंही तसंच होतं सकाळी. दोघी एकाच कापडाच्या."

शेजारच्या बाईचा नवरा खाटेपाशी उभा होता. तो मालाच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि वॉर्डात सगळे त्याला ड्रायव्हरदादाच म्हणत. त्याचे डोळे मिटलेले आणि उजवा हात हवेत. हवेतच कसलातरी खटका धरून तो उजवीकडे फिरवत होता, थांबत होता, मग डावीकडे पूर्ण.

"बघा ताई, बरोबर येतंय का," तो डोळे न उघडता म्हणाला. "शिट्टी वाजली की डावीकडे पूर्ण. हिनं श्वास घेतला की हळूहळू उजवीकडे. गाडीत झोपतानाही हेच करतो. आता झोपेत उठवलंत तरी चुकणार नाही." त्याच्या बायकोलाही आईबरोबर सोमवारीच घरी सोडणार होते.

ताईलाही शिकवलं होतं तसंच. परवाच तिनं आणि धाकटीनं सिस्टरांसमोर तो खटका फिरवून दाखवला होता. तिनं सवयीनं आईच्या यंत्राकडे पाहिलं, की खटका कुठल्या खुणेवर आहे. यंत्राला खटका नव्हता. सपाट तोंडाची, काचेची पेटी होती. शेजारच्या खाटेपाशीही तशीच; ड्रायव्हरदादाचं अजून तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"हे कधी आलं?"

"सकाळी," आई म्हणाली. "आधीची दोन्ही घरघरत होती, तंत्रज्ञानं नापास केली. ही नवी. धाकटी होती की तेव्हा. सांगितलं नाही तुला?"

ताई तिथून वळली. ती सिस्टरांच्या टेबलाशी गेली. तिथल्या पडद्यावर नवीन पद्धत, सही व्हायच्या आधी, त्या आठवड्यापुरती आजमावून बघत होते. तिनं विचारलं, यंत्रं बदलली, मग पुन्हा शिकवणार कधी?

सिस्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. दोन्ही खाटांसमोर 'शिकवलं' हे हिरव्यात दिसत होतं. "हिरवं झालं की पडदा मला त्यांच्याकडे परत पाठवत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं तर झालंच ना. तुमच्या बहिणीनं सकाळीच मागे लागून शिकून घेतलं, उभ्या उभ्या. मी म्हटलं, कशाला, नोंद आहे झाल्याची. तर म्हणाली, असू दे, मला एकदा दाखवाच."

"आणि ड्रायव्हरदादा?"

सिस्टर थबकल्या. त्यांनी त्या दोन खाटांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा खाटांकडे. यंत्रं त्यांची पाळी सुरू व्हायच्या आधीच बदलली होती. धाकटीनं विचारलं तेव्हा ती फक्त आपल्या आईबद्दल बोलली होती.

ताई खाटेशी परत आली. आईच्या शिवणाच्या पिशवीतून तिनं दोन लाल गुंड्या घेतल्या आणि एक पांढरी. सरांचा नियम मोडताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं, सर वॉर्डात उभे असल्यासारखं. मग जेवणाच्या ताटात तिनं चमचा आडवा ठेवला, तो नाका. लाल म्हणजे जुनं यंत्र, पांढरी म्हणजे नवं. एक लाल शिकवणीच्या रस्त्यानं निघाली आणि चमच्यापाशी जाऊन थांबली. दुसरी लाल तपासणीत नापास झाली, ताटाबाहेर गेली. तिच्या जागी पांढरी आली, पास झाली, चमच्यापाशी पोचली.

नाक्याला दोन गुंड्या हव्या होत्या. दोन होत्या. नाका उघडणार होता.

शिकवलं ते लाल, घरी जाणार ते पांढरं. काळ्या गुंड्यांत हे दिसलंच नसतं. काळ्या सगळ्या सारख्याच.

"एका सदऱ्याला दोन रंगांच्या गुंड्या?" आई वाकून बघत म्हणाली. "गिऱ्हाईक तोंडावर फेकेल, बाई." आणि मग, नाडीची गाठ मारता मारता, "सोमवारी जायचंय ना गं आपण? धाकटी म्हणाली, सगळं झालंय, फक्त ताईनं हो म्हणायचं राहिलंय."

ताईनं ताटातला चमचा उचलला. आईचं तर होणार होतं. धाकटी शिकून बसली होती, तिच्याच घरी आई जाणार होती, तिथे काही बिघडलं नसतं. वर जाऊन एक सही केली तर सोमवारी आई आपल्या खिडकीपाशी बसली असती. शेजारी ड्रायव्हरदादा पुन्हा डोळे मिटून नसलेला खटका डावीकडे फिरवत होता.

"बघते," ताई म्हणाली. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि दोरा दातानं तोडला.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली ती पेन उघडूनच. टेबलावर नकाशा नव्हता. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गुंड्या तेवढ्या होत्या, एक लाल, एक पांढरी. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. हे काय, असं तिनं विचारलं नाही. ताई नेमकी त्याच प्रश्नाची वाट बघत होती, आणि तो आला नाही.

"माघारीचा बाण होता ना आधी?" ताईनं विचारलं. "यंत्र बदललं की शिकवणीची गुंडी परत बोलवायची, पुन्हा शिकवायचं."

"होता."

"मग?"

"काढला. तुझ्यासाठी." धाकटी टेबलाच्या कडेला टेकली. मग तिनं सगळंच सांगून टाकलं, जरा चवीनंच. सगळ्या इमारतीला माहीत आहे, म्हणाली, की बाण ठेवला की शंकेश्वरी परत पाठवते आणि पुसला की पास करते. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी आधी डबा कुठे गरम करायचा ते सांगतात, मग हे. तिच्या आधीच्यांनी पुसले, तिनंही पुसला. "आम्ही दवाखान्यासाठी नकाशे काढतच नाही, ताई. तुझ्या गुंड्यांसाठी काढतो. तू आयुष्यभर पुढचा कप्पा बघितलास."

ताईची नजर भिंतीकडे गेली. चादरींच्या फळ्यांवर आता पास झालेल्या नकाशांच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या, खालपासून वरपर्यंत. त्यांतल्या किती साध्या करून आणलेल्या, हे तिला आठवेना. खिडकीबाहेर नळीतून वाफ निघत होती.

"तो दोष माझा," ती म्हणाली. "त्या सगळ्या गुंडाळ्या मी पुन्हा उघडणार आहे. साहेबांना सकाळीच कळवलंय. तुझा नकाशा नापास, तेही कळवलंय."

"म्हणजे आई सोमवारी..."

"नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं की कसलं, ताईला कळलं नाही, आणि कळून घ्यायला ती थांबलीही नाही. धाकटी म्हणाली, आईला काहीसुद्धा झालं नसतं, ते नवं यंत्र तिनं नीट शिकून घेतलंय, डोळे मिटून चालवून दाखवते हवं तर.

"माहीत आहे. सिस्टर म्हणाल्या. काल सकाळी शिकलीस." ताईनं लाल गुंडी बोटानं पांढरीपासून लांब सरकवली. "आणि दुपारी वर येऊन मला म्हणालीस, सही कर."

धाकटीनं पेनाचं टोपण लावलं.

"शेजारच्या खाटेवरची बाई पण सोमवारीच जाणार होती," ताई म्हणाली. "तिचंही यंत्र तुझ्या डोळ्यांदेखत बदललं. ड्रायव्हरदादा तिथेच उभा असतो, हवेत खटका फिरवत. तू पाहिलंयस त्याला. त्याला कोण शिकवणार होतं?"

धाकटीनं पर्स खांद्याला लावली. ओठ हलल्यासारखे झाले. ताई जरा पुढे झुकली. मग धाकटी वळली, बाहेर गेली, आणि आपल्यामागे तिनं दार इतकं हळू ओढून घेतलं, की फळीवरची सुटायला आलेली चिठ्ठी जागची हललीसुद्धा नाही.